प्लग काळा पडला, दोष कोणाचा? ई-२०, शिसं आणि रोटरी इंजिनाचं विमान

२०२५ च्या पावसाळ्यात ई-२० पेट्रोलवरून देशभर वाद पेटला. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळायचं उद्दिष्ट आधी २०३० चं होतं. ते पाच वर्षं अलीकडे आलं आणि साध्या पंपावर दुसरा पर्यायच उरला नाही. मायलेज घटलं, पिकअप गेला, इंजिन तापतं, अशा तक्रारींच्या रील्सचा पाऊस पडला. ऑगस्टमध्ये पेट्रोलियम मंत्रालयाला खुलासे द्यावे लागले. बिनइथेनॉलचं पेट्रोलही विकायला ठेवा, अशी मागणी करणारी याचिका १ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. वाद कोर्टात संपला, गॅरेजमध्ये नाही. नांदेड असो की लातूर, गाडी मिसिंग करतेय म्हटलं की मेकॅनिक आधी प्लग काढतो, काळाकुट्ट प्लग तुमच्यासमोर धरतो आणि म्हणतो, "हे बघा, नव्या पेट्रोलची करामत."

हे निदान बहुतेक वेळा चुकतं. इथेनॉलने प्लग काळा पडत नाही, उलट तो थोडा स्वच्छच राहतो. पण म्हणून ई-२० सगळीकडे बिनधास्त चालतं असंही नाही. प्लगचा प्रश्न वेगळा आणि टाकीचा प्रश्न वेगळा. आपण दोन्हींची खिचडी करून भांडतोय.

हा फरक सगळ्यात स्पष्ट कुठे दिसतो माहितीये? घरी बनवलेल्या विमानात, आणि त्यातही रोटरी इंजिनाच्या विमानात. तुम्ही म्हणाल, आमच्याकडे कोण बनवतंय विमान? बनवतात हो. यूट्यूबवर माझदा कारचं रोटरी इंजिन बसवलेली अमेरिकन विमानं बघून आयटीआय, पॉलिटेक्निकच्या किती पोरांच्या डोक्यात किडा वळवळतो, ते कमेंट बॉक्समध्ये दिसतं. ऑगस्ट २०२१ मध्ये यवतमाळच्या महागाव तालुक्यात, म्हणजे नांदेडच्या सीमेला लागूनच, पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम करणाऱ्या एका तरुणाने मारुती ८०० चं इंजिन वापरून हेलिकॉप्टर बनवलं होतं. जमिनीवरच्या चाचणीत पंख्याचा भाग तुटून त्याचा जीव गेला. त्या अपघाताचा पेट्रोलशी किंवा प्लगशी संबंध नव्हता. पण कारचं इंजिन घेऊन उडायची इच्छा इथल्याच मातीत आहे, हे त्यातून कळतं. म्हणून ही माहिती मराठीत असायला हवी.

प्लग म्हणजे इंजिनाची लॉग फाइल

स्पार्क प्लगचं काम एका ओळीचं आहे: हजारो व्होल्टची ठिणगी योग्य क्षणी दोन टोकांमधल्या फटीतून उडवायची. मधल्या तारेभोवती पांढऱ्या चिनी मातीचं आवरण असतं, कारण वीज फटीतूनच जायला हवी, कडेने पळायला नको. आता त्या पांढऱ्या भागावर वीज वाहून नेणारी पुटं चढली तर? वीज आळशी आहे, सोपी वाट सापडली की ती फटीतून उडी मारायचे कष्ट घेत नाही. पुटावरून सरपटत बॉडीला जाते. ठिणगी पडत नाही, गाडी झटके देते. आपण म्हणतो प्लग शॉर्ट झाला.

सॉफ्टवेअरमध्ये काही बिघडलं की आम्ही आधी लॉग उघडतो. इंजिनाचा लॉग म्हणजे हा प्लग, आणि तो रंगात लिहिलेला असतो. कोरडी, मऊ, बोटाला लागणारी काजळी म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबलाय, चोक अडकलाय, कार्बोरेटर बिघडलाय. ओली, चिकट, काळी पुटं म्हणजे ऑइल जळतंय. जुन्या यामाहा आरएक्स १०० वाल्यांना हे सांगायला नको. टू-टी ऑइल हात सैल सोडून घातलं की दोन दिवसांत प्लग काढून पॉलिश पेपरने घासावा लागायचा. तिसरा प्रकार तुम्ही बहुधा कधीच पाहिला नसेल: राखाडी-तपकिरी, कडक, बारीक मण्यांसारखे गोळे. ते शिशाचे. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधलं शिसं बंद झालं, म्हणजे तुमच्यापैकी अनेकांच्या जन्माआधी. पण आकाशातलं शिसं अजून बंद झालेलं नाही.

या तिन्हींमध्ये इथेनॉल कुठे आहे? कुठेच नाही. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ते जळताना काजळी कमी धरते. शिवाय जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत ई-२० टाकलं की मिश्रण थोडं 'पातळ' होतं, म्हणजे हवा जास्त. कारण शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते आणि इथेनॉलला फक्त ९ पट. जेट तेवढाच, हवा तेवढीच, पण इंधनाची भूक कमी झाली. पातळ मिश्रणाचा प्लग काळा नाही, पांढुरका दिसतो. तेव्हा मेकॅनिकने काळा प्लग दाखवून ई-२० ला शिव्या घातल्या तर एअर फिल्टर कधी बदलला होता, एवढं नक्की विचारा.

तिकोनी रोटरचं इंजिन आणि नगरचं नातं

आता रोटरीकडे. याला वँकेल इंजिन म्हणतात, जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या नावावरून. यात वरखाली होणारा पिस्टन नाही, व्हॉल्व्ह नाहीत. मधोमध किंचित आवळलेल्या, आठच्या आकड्यासारख्या पोकळीत तिन्ही बाजू फुगलेला एक त्रिकोण गरगर फिरतो. त्याच्या तीन बाजूंवर तीन वेगवेगळ्या खोल्या तयार होतात. एकीत पेट्रोल-हवा आत येते, दुसरीत दाबली जाते आणि पेटते, तिसरीतून धूर बाहेर जातो. सगळं एकाच वेळी चालू. वजनाला हलकं, आकाराला लहान, थरथर फार कमी. विमान बनवणाऱ्याला अजून काय हवं?

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर थांबा. संरक्षण संशोधन खात्याच्या 'निशांत' या बिनपायलटच्या विमानात वँकेल इंजिन होतं. आधी ते बाहेरून आणलेलं असायचं. मग ५५ अश्वशक्तीचं देशी इंजिन तयार झालं आणि त्याच्या कर्त्यांमध्ये आपल्या अहमदनगरची, आताच्या अहिल्यानगरची, व्हीआरडीई ही संस्था होती. बंगळुरूच्या एनएएलने इंजिनाचा गाभा बनवला, त्यात आतल्या भिंतीवरचा निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडचा कडक मुलामाही आला. ठिणगीची आणि इंधनपुरवठ्याची यंत्रणा नगरच्या व्हीआरडीईने केली. एप्रिल २००९ मध्ये कोलारला या इंजिनावर निशांत पहिल्यांदा उडालं. म्हणजे रोटरी इंजिनात कुठलं इंधन कसं जाईल आणि ठिणगी कधी पडेल, या प्रश्नावर अख्खं काम आपल्याच राज्यात, बीडच्या शेजारच्या जिल्ह्यात झालेलं आहे. आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांत याचा उल्लेख मला तरी कधी दिसला नाही.

ठिणगीची यंत्रणा हे वेगळं, मोठं काम का मानलं गेलं? कारण रोटरीत प्लगचे हाल कुत्रा खात नाही.

साध्या फोर-स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडते आणि मधल्या वेळात थंड, ताजं मिश्रण आत येऊन प्लगला गार करतं. रोटरीत आत येणाऱ्या मिश्रणाची जागा एका टोकाला आणि प्लगची जागा दुसऱ्या टोकाला. थंड वारा प्लगच्या वाट्याला येतच नाही. वर प्रत्येक फेरीला एक ठिणगी. मिनिटाला ६००० फेरे धरले तर फोर-स्ट्रोकमध्ये सेकंदाला ५० ठिणग्या, रोटरीत १००. विमानात हे इंजिन पाच-सहा हजार फेऱ्यांवर तासन्तास चालतं, मध्ये गिअरबॉक्स टाकून पंख्याचा वेग कमी करतात.

एवढ्या तापात टिकायला रोटरीला 'थंड' जातीचा प्लग लागतो, म्हणजे उष्णता झटपट बाहेर फेकणारा. गोची इथेच आहे. प्लगला स्वतःवरची घाण जाळून टाकायची असेल तर त्याचं टोक साधारण साडेचारशे-पाचशे अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. पूर्ण ताकदीत थंड प्लग बरोबर त्या पट्ट्यात असतो. पण धावपट्टीकडे हळूहळू जाताना, रांगेत थांबताना, किंवा उतरताना थ्रॉटल कमी केल्यावर तोच प्लग फार गार पडतो आणि पुटं धरायला लागतो. पाच मिनिटांनी पायलट पूर्ण थ्रॉटल देतो, तेव्हा ठिणगीची खरी गरज असते आणि नेमकी तेव्हाच ती दगा देते.

त्यात ऑइलची भर. रोटरच्या तीन टोकांना सील असतात आणि ते भिंतीवर सतत घासतात. त्यांना ओलावा मिळावा म्हणून रोटरीत थोडंसं ऑइल मुद्दाम आत सोडलं जातं, किंवा बनवणारे लोक टू-स्ट्रोकसारखं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळतात. म्हणजे आरएक्स १०० चा तो ओला काळा प्लग इथे जन्मापासूनच मागे लागलेला आहे. माझदाने प्रत्येक रोटरला दोन प्लग दिले, कारण जळण्याची खोली लांबट असते आणि एकाच ठिणगीने आग सगळीकडे वेळेत पोचत नाही. दोनपैकी मागचा प्लग एका बारीक भोकाच्या आड बसतो, म्हणजे सील त्यावरून जाताना गॅस शेजारच्या खोलीत गळू नये. अडचणीतल्या जागेची साफसफाई कशी होते, हे घरच्या सिंकखाली बघा.

विमानाचं पेट्रोल आणि त्यातलं शिसं

पिस्टनच्या छोट्या विमानांचं पेट्रोल म्हणजे एव्हगॅस १०० एलएल. ते ओळखू यावं म्हणून निळ्या रंगाचं असतं. नावातल्या 'एलएल'चा अर्थ शिसं कमी. आता 'कमी' म्हणजे किती? लिटरमागे जास्तीत जास्त ०.५६ ग्रॅम. तासाला २० लिटर जाळणाऱ्या इंजिनातून तासाला ११ ग्रॅमपर्यंत शिसं जातं. मग हे कमी कसलं? आधीच्या एव्हगॅसमध्ये याहून जास्त असायचं, एवढाच अर्थ.

शिसं घालायचं कारण ऑक्टेन. जास्त दाबाखाली पेट्रोल ठिणगीच्या आधीच किंवा एकदम भडकू नये, म्हणून १९२० च्या दशकापासून त्यात टेट्राइथाइल लेड मिसळायला लागले. जुन्या व्हॉल्व्हच्या बैठकींनाही त्याचा आधार मिळतो. जळल्यावर शिशाचं ऑक्साइड होतं आणि ते घट्ट असतं. ते प्लगवर बसू नये म्हणून एव्हगॅसमध्ये ब्रोमीनचं एक संयुग असतं. त्याच्यामुळे शिशाचं ब्रोमाइड होतं, वाफ बनून धुराबरोबर निघून जातं. अट एकच, प्लग पुरेसा गरम हवा.

आता रोटरीवर हे लावून बघा. रोटरीत व्हॉल्व्ह नाहीत, म्हणजे शिशाचा तो फायदा शून्य. तापून लाल होणारा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच नसल्यामुळे रोटरीला फार ऑक्टेनही लागत नाही, साधं पेट्रोल पुरतं. म्हणजे तोही फायदा शून्य. आणि प्लग थंड जातीचा, म्हणजे ब्रोमीनची युक्ती निम्म्या वेळेला चालणार नाही. फायदा काही नाही आणि पुटं मात्र सगळी आपल्या वाट्याला. वर, इंजेक्शनवर चालणाऱ्या इंजिनात धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर असतो, त्यालाही शिसं निकामी करतं. मग इंजिनाचा कॉम्प्युटर आंधळा होतो. अमेरिकेत घरी विमान बनवणारे रोटरीवाले एव्हगॅस टाळून वर्षानुवर्षं कारचं पेट्रोल भरत आले आहेत ते यामुळे. स्वस्तात पडतं हा बोनस.

नेहमीच्या पिस्टन इंजिनांनाही हा त्रास आहेच. आपल्या विमानासाठी एनएएलने घेतलेलं उदाहरण बघा. 'हंसा' या शिकाऊ विमानाच्या नव्या आवृत्तीत रोटॅक्स ९१२ मालिकेचं इंजिन आहे. रोटॅक्सला बिनशिशाचं पेट्रोल जास्त मानवतं. एव्हगॅस वापरलं तर ऑइल लवकर बदला, असं कंपनीच सांगते. मात्र पेट्रोल कुठलंही असलं तरी इथेनॉल १० टक्क्यांच्या वर नको, हेही तीच कंपनी सांगते. या दहाच्या आकड्यावर आपली गाडी अडते.

मग पंपावरचं ई-२० का नको?

प्लगच्या दृष्टीने ई-२० रोटरीला आवडेल: शिसं नाही, काजळी कमी, ऑक्टेन जास्त. पण प्लग चकचकीत ठेवून विमान पाडण्यात काय अर्थ आहे?

पहिला मुद्दा ऊर्जेचा. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल, एक लिटर इथेनॉलमध्ये सुमारे २१. हिशेब केला तर ई-२० मध्ये लिटरमागे साधारण ७ टक्के ऊर्जा कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या पद्धतीच्या चारचाकींसाठी ६ ते ७ टक्के मायलेज घटण्याचा अंदाज दिला होता. दुचाकीवर सात टक्के म्हणजे महिन्याला थोडे पैसे जास्त. विमानात चार तासांचं इंधन भरून निघालात तर सात टक्के म्हणजे सुमारे १७ मिनिटं. छोट्या विमानात दिवसा साधारण अर्ध्या तासाचं राखीव इंधन धरतात. त्यातला निम्म्याहून जास्त वाटा तुम्ही जमिनीवरच हरवला आणि काट्यावर टाकी भरलेली दिसत राहिली.

दुसरा मुद्दा पाण्याचा, आणि मला तो सगळ्यात धोक्याचा वाटतो. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. ठराविक मर्यादेपर्यंत पाणी त्यात विरघळून राहतं, बाहेरून काही कळत नाही. मर्यादा ओलांडली किंवा इंधन गार झालं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि तळाशी बसतात. इंजिनाला जाणारी नळी तळाशीच असते. दुपारी गरम टाकी घेऊन उडालात, वर गेल्यावर हवा गार झाली, तर हे सगळं आकाशातच होऊ शकतं. दुचाकीची टाकी आठवड्याला रिकामी होते, तिथे हा प्रश्न फारसा येत नाही. घरचं विमान मात्र महिना-महिना शेडमध्ये उभं असतं, त्यात पावसाळा.

वाफेचंही बघावं लागतं. पेट्रोलमध्ये थोडं इथेनॉल मिसळलं की त्याची लवकर वाफ व्हायची खोड वाढते. नांदेड-लातूरच्या मे महिन्यातली चाळिशीपारची दुपार, रोटरीचा भयंकर गरम एक्झॉस्ट, बंदिस्त बॉनेट आणि त्यातून जाणारी पेट्रोलची नळी. नळीत बुडबुडे झाले की पंप नुसताच हवा ढकलत बसतो. लातूर समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून उंच आहे, त्यावर विमान आणखी वर चढणार. हवेचा दाब कमी होत गेला की हेच बुडबुडे आणखी सहज होतात.

शिवाय घरच्या विमानांच्या टाक्या बऱ्याचदा फायबरच्या असतात. आतला रेझिन आणि जोडांचं सीलंट इथेनॉल सहन करणारं नसेल तर ते मऊ पडतं आणि त्याचा चिकट गाळ फिल्टरमध्ये जाऊन बसतो. आणि पातळ मिश्रणाने आधीच तापट असलेलं इंजिन आणखी तापतं. इंजेक्शनचा नकाशा नव्याने बसवून हा शेवटचा प्रश्न सुटतो, ते काम लॅपटॉपवर होतं. पाण्याचा आणि टाकीचा प्रश्न कोडने सुटत नाही.

एका बाजूला शिसं, दुसऱ्या बाजूला ऊस

तर भारतातल्या घरगुती विमानवाल्याची परिस्थिती अशी आहे: एव्हगॅस भरा, प्लग जातो. पंपावरचं भरा, टाकी जाते. मधला रस्ता म्हणजे बिनशिशाचं, बिनइथेनॉलचं पेट्रोल. अमेरिकेत ते अनेक ठिकाणी वेगळ्या पंपावर मिळतं. आपल्याकडे?

एव्हगॅसची आपल्याकडची गोष्ट तशी चांगली आहे. पूर्वी ते पूर्ण आयात व्हायचं. सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या रिफायनरीत ते बनवायला सुरुवात केली आणि पुढच्याच जानेवारीत न्हावा शेव्याच्या बंदरातून पहिला माल पापुआ न्यू गिनीला गेला. पण आपण ते बनवायला शिकलो तेव्हा जग ते सोडायच्या तयारीत होतं. युरोपियन युनियनने या शिशाच्या संयुगासाठी १ मे २०२५ ही शेवटची तारीख ठरवली, त्यापुढे वापरायचं तर खास परवानगी. अमेरिकेने २०३० अखेरचं लक्ष्य ठेवलंय. तिथेही सोपं नाही. नॉर्थ डकोटा विद्यापीठाने २०२३ मध्ये शिकाऊ विमानं बिनशिशाच्या पेट्रोलवर नेली आणि व्हॉल्व्हच्या बैठकी झिजायला लागल्यावर त्याच वर्षी परत एव्हगॅसवर आणली. (रोटरीवाले यावर नक्की हसले असतील. व्हॉल्व्हच नाहीत तर बैठक कुठली झिजणार.)

आपल्या शेजारी विदर्भात यावर तिसराच तोडगा निघतोय. अमरावतीला बेलोऱ्याच्या विमानतळावर एअर इंडिया पायलट घडवणारी शाळा उभारतेय. तिच्यासाठी २०२५ च्या सुरुवातीला ३४ विमानं मागवल्याचं जाहीर झालं: ३१ पायपर, ३ डायमंड. ही सगळी जेट विमानांच्या इंधनावर, म्हणजे एटीएफवर चालणाऱ्या डिझेल पद्धतीच्या इंजिनांची आहेत. डिझेलला ठिणगी लागत नाही. शिसं नको, इथेनॉल नको, स्पार्क प्लगच नको! नांदेडला येणाऱ्या प्रवासी जेटमध्ये जे इंधन भरतात तेच यांना चालतं, त्यामुळे छोट्या विमानतळावर एव्हगॅसचे वेगळे पिंप आणून ठेवायची कटकट नाही. मला विचाराल तर मराठवाड्यात उद्या अशी शाळा निघाली तर हाच रस्ता शहाणपणाचा. पण ही इंजिनं महाग असतात. वेल्डिंगच्या दुकानात विमानाचं स्वप्न बघणाऱ्याला ती परवडणार नाहीत. तो स्क्रॅपमधून कारचं इंजिनच आणणार.

त्याच्यासाठी पंपावर काय आहे? १०० ऑक्टेनचं महागडं पेट्रोल. इंडियन ऑइलने एक्सपी-१०० डिसेंबर २०२० मध्ये दहा शहरांत आणलं, महाराष्ट्रातून त्यात मुंबई आणि पुणे होते. लातूर-नांदेड पहिल्या यादीत नव्हते, यात आश्चर्य नाही, इथे तेवढ्या महागड्या गाड्या नाहीत. अशा पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे की नाही, हे रंग बघून किंवा किंमत बघून ठरवायचं नसतं. ते मोजायचं असतं. कसं, ते शेवटी सांगतो.

माझं मत विचाराल तर सरकारने ई-२० मागे घ्यावं असं मी म्हणणार नाही. तेलाची आयात कमी होते, उसाला आणि मक्याला गिऱ्हाईक मिळतं, हे आमच्या भागात कुणी नाकारणार नाही. (ज्या लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने प्यायचं पाणी आणावं लागलं, तिथे उसावर इंधन उभं करायचं का, हा वेगळा आणि मोठा लेख आहे.) पण पंपावर साधा फलक तर असू शकतो: या नोझलमध्ये इथेनॉल इतके टक्के. आणि जिल्ह्याला एक पंप तरी बिनइथेनॉलचा. विमानवाले मूठभर असतील, पण जुन्या बुलेटवाल्यांपासून शेतातल्या फवारणी पंपवाल्यांपर्यंत, टाकीत महिना-महिना पेट्रोल साठवणारे सगळे त्या रांगेत उभे राहतील.

कायद्याचं एक सांगून ठेवतो. घरी बनवलेलं विमान भारतात बेकायदा नाही, पण डीजीसीएच्या नोंदणीशिवाय आणि परवान्याशिवाय उडवणं बेकायदा आहे. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. फेब्रुवारी २०१६ मध्ये मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात ते सगळ्यांनी पाहिलं, तरी नोंदणी हातात पडायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. ते स्वतः व्यावसायिक पायलट, तरी एवढा वेळ. वेळ लागतो म्हणून शेतात रात्रीची चाचणी घ्यायची नाही. इंजिन आधी जमिनीत पक्क्या रोवलेल्या स्टँडवर, पंख्याच्या फिरण्याच्या रेषेत एकही माणूस उभा नसताना, तासन्तास चालवायचं असतं. दर काही तासांनी प्लग काढायचा, फोटो घ्यायचा, तारीख लिहायची. प्लगचा रंग बदलला तर इंधन, ऑइल आणि मिश्रण यांपैकी एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तीन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही. डिबगिंगचा नियम तोच आहे.

आणि आता ती मोजणी. १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या, शाळेच्या प्रयोगशाळेत असतं तसलं. उघड्या जागेत, सावलीत, आसपास आग, सिगारेट, मोबाइल चार्जर काही नको. १० मिलीच्या रेघेपर्यंत पाणी घाला. वर १०० च्या रेघेपर्यंत पेट्रोल. बूच लावून हलवा, बूच जरा सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं ठेवून द्या. पाणी पेट्रोलमधलं इथेनॉल खेचून घेतं आणि तळाचा थर जाड होतो. एव्हगॅस असेल तर तळाची रेघ १० वरच राहील. लातूरच्या साध्या पंपावरचं पेट्रोल असेल तर ती २८ च्या जवळपास जाईल, कारण ९० मिली ई-२० मध्ये १८ मिली इथेनॉल असतं. महागड्या पेट्रोलचं म्हणाल, तर पावती बाजूला ठेवा आणि रेघ बघा.